डार्विन नेमका कुणाच्या बाजूचा? क्रोपोटकिन आणि डॉकिन्स शेजारी ठेवून वाचताना



आजच्या विषयाची सुरुवात दोन वाक्यांपासून करू. ती आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेली आहेत. पहिलं वाक्य कचेरीत ऐकू येतं: ‘‘जगाचा नियमच आहे. लायक असेल तो टिकेल. निसर्गात कुणी कुणासाठी थांबत नाही.’’ दुसरं वाक्य घरात ऐकू येतं, बहुतेक वेळा सुनेला किंवा मुलीला उद्देशून: ‘‘माणूस कळपात राहणारा प्राणी आहे. एकट्याने कुणी जगलेलं नाही. चारजणांसाठी थोडं सोसायला लागतं.’’

आता गंमत बघा. पहिलं वाक्य सहसा तोच म्हणतो ज्याची नोकरी जाणार नसते. दुसरं तोच म्हणतो ज्याला स्वतःला सोसायचं नसतं. आणि दोघेही साक्षीला निसर्ग काढतात, उत्क्रांती काढतात. एकच डार्विन दोन्ही पक्षांचा वकील कसा काय होतो, हा आज आपल्यासमोरचा प्रश्न आहे.

या प्रश्नासाठी आपण दोन पुस्तकं शेजारी ठेवणार आहोत. एक १९०२ सालचं, पीटर क्रोपोटकिनचं ‘म्युच्युअल एड’, म्हणजे परस्पर साहाय्य. दुसरं १९७६ सालचं, रिचर्ड डॉकिन्सचं ‘द सेल्फिश जीन’, स्वार्थी जनुक. पहिलं समूहवाद्यांचं लाडकं, दुसरं व्यक्तिवाद्यांचं. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दोन्ही पुस्तकं मोठी आहेत. पण दोघांनाही त्यांच्या भक्तांनी नीट वाचलेलं नाही. आणि ‘व्यक्ती मोठी की समाज मोठा’ या प्रश्नाचं उत्तर उत्क्रांतीकडून मिळत नाही. उत्क्रांती फार तर एवढं सांगते की समूह कसे टिकतात आणि त्यासाठी किंमत कोण मोजतं. पुढचा निवाडा आपल्यालाच करावा लागतो.

डार्विनची अडचण

आधी खुद्द डार्विनकडे जाऊ. ‘लायक असेल तो टिकेल’ हा शब्दप्रयोग मूळचा डार्विनचा नाही, हे अनेकांना माहीत नसतं. तो हर्बर्ट स्पेन्सरने १८६४ मध्ये वापरला. डार्विनने तो आपल्या ग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत, १८६९ मध्ये, उचलला.

१८७१ मध्ये डार्विनने माणसाच्या उत्पत्तीवर ग्रंथ लिहिला. त्यात तो नीतीचा प्रश्न घेतो. तो म्हणतो ते थोडक्यात असं: ज्या टोळीत शूर, विश्वासू, एकमेकांसाठी जीव धोक्यात घालणारी माणसं जास्त, ती टोळी दुसऱ्या टोळ्यांवर मात करेल. हे वाचलं की समूहवादी खूश. पण त्याच प्रकरणात डार्विनने आपल्याच म्हणण्यावर बोट ठेवलं आहे. तो विचारतो की टोळीच्या आत काय होईल? जो सर्वांत पुढे धावून लढतो तो आधी मरतो. त्याची मुलं कमी. जो मागे लपतो त्याची मुलं जास्त. मग काही पिढ्यांनी टोळीत शूर उरतील कसे?

म्हणजे बघा, टोळ्यांच्या स्पर्धेत शूरांची टोळी जिंकते आणि टोळीच्या आत लबाड जिंकतो. पुढच्या दीडशे वर्षांचं सगळं भांडण या दोन वाक्यांत आहे. क्रोपोटकिनने पहिलं वाक्य उचललं. डॉकिन्सने दुसरं.

सायबेरियातला राजपुत्र

क्रोपोटकिन हा रशियन सरदार घराण्यातला, खराखुरा राजपुत्र. विसाव्या वर्षी, १८६२ मध्ये, तो लष्करी अधिकारी म्हणून सायबेरियात गेला आणि पाच वर्षं तिथे राहिला. जाताना डोक्यात डार्विन होता. एकाच जातीच्या प्राण्यांत अन्नासाठी जीवघेणी झुंज चाललेली दिसेल अशी त्याची अपेक्षा होती. त्याने शोधली, आणि त्याला ती फारशी सापडली नाही. त्याला काय दिसलं? बर्फ, वादळं, गारठा, आणि त्यांच्याशी एकत्र झगडणारे कळप. अमूर नदीकाठी त्याने हजारो हरणं एकत्र जमून, नदी जिथे अरुंद होते तिथून पलीकडे जाताना पाहिली. मागून दाट बर्फ येत होता.

इथे एक मुद्दा लक्षात घ्यायला हवा. डार्विन आणि वॉलेस यांनी आपला निसर्ग मुख्यतः उष्ण कटिबंधात पाहिला. तिथे जीवांची गर्दी. वीतभर जागेसाठी दहाजण उभे. रशियन शास्त्रज्ञांसमोर होती अफाट, ओसाड जमीन आणि क्रूर हवामान. तिथे शेजारी हा शत्रू कमी आणि आधार जास्त. त्यामुळे परस्पर साहाय्याची कल्पना एकट्या क्रोपोटकिनची नव्हती. कार्ल केसलर या प्राणिशास्त्रज्ञाने १८८० मध्ये सेंट पीटर्सबर्गला याच विषयावर भाषण केलं होतं आणि क्रोपोटकिन त्याचं ऋण उघड मान्य करतो. माणूस निसर्गाकडे कुठून बघतो त्यावर त्याला काय दिसतं हे ठरतं. हे दोन्ही बाजूंना लागू आहे.

पुस्तक जन्माला आलं ते मात्र वादातून. १८८८ मध्ये थॉमस हक्स्लीने एक निबंध लिहिला. त्यात त्याने प्राणिसृष्टीची तुलना रोमन आखाड्यातल्या झुंजींशी केली. क्रोपोटकिन तेव्हा इंग्लंडमध्ये आश्रयाला होता. त्याने १८९० पासून एकापाठोपाठ एक लेख लिहून उत्तर दिलं. ते लेख म्हणजेच हे पुस्तक. आधी प्राणी, मग आदिम टोळ्या, मग खेड्यांतली सामायिक जमीन, मग मध्ययुगीन शहरं आणि त्यांतले कारागिरांचे संघ, शेवटी आपला काळ.

या पुस्तकाचं बळ कशात आहे? ‘झगडा’ या शब्दाचा अर्थ त्याने मोकळा केला. वाळवंटातलं झाड दुष्काळाशी झगडतं तोही झगडाच, असं डार्विनने स्वतः लिहिलं होतं. लोक ते विसरले होते. क्रोपोटकिनने त्याची आठवण करून दिली. आणि तो प्रामाणिक आहे. हे पुस्तक उत्क्रांतीच्या एकाच बाजूबद्दल आहे, स्पर्धेची आणि व्यक्तीच्या उसळीची बाजू इथे जाणूनबुजून घेतलेली नाही, हे तो प्रस्तावनेत सांगतो. त्याचे चाहते प्रस्तावना वाचत नाहीत, हा त्याचा दोष नव्हे.

पण दोष आहेत. पहिला दोष असा की डार्विनच्या दुसऱ्या वाक्याला, म्हणजे लबाडाच्या प्रश्नाला, त्याच्याकडे उत्तर नाही. सगळे मदत करत असताना एकजण नुसताच घेत राहिला तर काय, हे तो फारसं विचारत नाही. दुसरा दोष आम्हाला जास्त गंभीर वाटतो. खेड्यातली एकी त्याला दिसते. खेड्याच्या वेशीबाहेर कोण आहे, ते दिसत नाही. कारागिरांच्या संघातला बंधुभाव दिसतो. त्या संघात प्रवेश कुणाला नाही, हे दिसत नाही. या मुद्द्याकडे आपण परत येणार आहोत, कारण तो आपल्या घरचा आहे.

नाव नडलेलं पुस्तक

आता डॉकिन्स. १९६० च्या आसपास जीवशास्त्रात ‘जातीच्या भल्यासाठी’ हे शब्द सर्रास वापरले जात. विन-एडवर्ड्स या शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये असं मांडलं की अन्न कमी असेल तर प्राणी समूहाच्या भल्यासाठी आपली वीण आवरती घेतात. ऐकायला फार सुंदर. पण डार्विनचा लबाड तिथेही उभा आहे. बाकीचे संयम पाळताहेत, एकजण पाळत नाही. पुढच्या पिढीत कुणाची पिल्लं जास्त असतील?

उत्तर दुसऱ्या दिशेने आलं. १९५५ मध्ये जे. बी. एस. हॉल्डेनने एक साधा हिशेब मांडला होता. हा हॉल्डेन दोनच वर्षांनी भारतात आला, इथला नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. त्याचा हिशेब असा: पुरात मूल वाहून चाललंय. तुमच्यात उडी मारायला लावणारं एखादं दुर्मीळ जनुक आहे. दहात एकदा तुम्ही बुडाल. पण मूल तुमचंच असेल तर त्याच्यातही ते जनुक असण्याची शक्यता निम्मी. म्हणजे दहा उड्यांत असं एक जनुक जातं आणि पाच वाचतात. नातं जितकं दूरचं, तितका हा नफा कमी. हॉल्डेन पुढे जे सांगतो ते आम्हाला फार आवडतं. त्याने दोनदा माणसांना पाण्यातून बाहेर ओढलं होतं आणि तेव्हा असला हिशेब करायला त्याला वेळ मिळाला नव्हता.

१९६४ मध्ये विल्यम हॅमिल्टनने हाच विचार गणितात बसवला. नातेवाइकाला होणारा फायदा, गुणिले नात्याची जवळीक, हे स्वतःच्या तोट्यापेक्षा जास्त असेल तर त्यागाची वृत्ती पसरू शकते. डॉकिन्सने हे सगळं सामान्य वाचकापर्यंत नेलं. त्याचं म्हणणं असं की निवड शेवटी टिकते ती जनुकांच्या पातळीवर. शरीरं येतात आणि जातात, जनुकांच्या प्रती पुढे जातात.

आता नीट ऐका. ‘जनुक स्वार्थी आहे’ आणि ‘माणूस स्वार्थी आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. उलट, जनुक ‘स्वार्थी’ असल्यामुळेच शरीर उदार होऊ शकतं, हा तर पुस्तकाचा गाभा आहे. तरीही वाचलं गेलं ते उलटंच. आणि याला काही अंशी डॉकिन्स स्वतः जबाबदार आहे. आपण जन्मतः स्वार्थी आहोत म्हणून औदार्य शिकवू या, अशा अर्थाचं वाक्य त्याने लिहिलं होतं. तीस वर्षांनी, २००६ च्या आवृत्तीत, ते वाक्य वाचकाने मनातल्या मनात खोडावं असं त्याने सांगितलं. पुस्तकाला ‘सहकारी जनुक’ हे नावही चाललं असतं, असंही तो तिथे म्हणतो. १९८९ च्या आवृत्तीत त्याने सज्जनच शेवटी पुढे जातात अशा अर्थाचं एक संबंध प्रकरण जोडलं होतं. पण तोवर शीर्षकाने आपलं काम केलं होतं.

कोणतं काम? एन्रॉन आठवते ना? महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको, दाभोळचा वीजप्रकल्प त्याच कंपनीचा. तिचा प्रमुख जेफ स्किलिंग याचं हे आवडतं पुस्तक होतं, हे वर्तमानपत्रात वाचून डॉकिन्सला अत्यंत शरमल्यासारखं झालं. त्याने तसं लिहूनच ठेवलं आहे. एन्रॉनमध्ये कर्मचाऱ्यांना ठरावीक काळाने एकमेकांशी तुलना करून गुण दिले जात आणि तळाच्या सुमारे १५ टक्क्यांवर नोकरी जाण्याची टांगती तलवार असे. निसर्गाचा नियम कचेरीत आणला, अशी ही समजूत. २००१ च्या डिसेंबरात कंपनी दिवाळखोरीत गेली.

कोंबड्यांची गोष्ट

सर्वांत चांगल्या माणसांना निवडत गेलं की सर्वांत चांगला समूह तयार होतो, ही कल्पना कुठे फसते? यासाठी आपण अमेरिकेतल्या एका कोंबड्यांच्या प्रयोगाकडे जाऊ.

विल्यम म्यूर हा पर्ड्यू विद्यापीठातला शास्त्रज्ञ. अंड्यांच्या धंद्यात अनेक कोंबड्या एका पिंजऱ्यात ठेवतात. त्या एकमेकींना चोचींनी टोचतात, पुष्कळ मरतात. नेहमीची पद्धत म्हणजे जास्त अंडी देणाऱ्या कोंबड्या निवडून त्यांची वीण वाढवायची. पण जी कोंबडी जास्त अंडी देते ती कदाचित शेजारणींना टोचून, त्यांचं खाणं बळकावूनच देत असेल. तिला निवडलं की टोचण्याचा गुणही निवडला जातो. म्यूरने एकेकट्या कोंबडीऐवजी अख्खा पिंजराच निवडला किंवा नाकारला. १९९६ मध्ये त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केले. दुसऱ्या पिढीत वर्षभरातल्या मृत्यूंचं प्रमाण ६८ टक्के होतं. चौथ्या पिढीत ते ८.८ टक्क्यांवर आलं. एका कोंबडीमागे मिळणारी अंडी ९१ वरून २३७ झाली.

समूहवादी म्हणतात, बघा, समूहाची निवड सिद्ध झाली! पण पिंजऱ्यात होत्या एकाच बापाच्या कोंबड्या, म्हणजे बहिणी-बहिणी. तेव्हा हॅमिल्टनवाले म्हणतात, ही तर नात्याचीच निवड! दोन्ही बाजू एकाच कोंबडीवर हक्क सांगतात. खरं तर जॉर्ज प्राइसने १९७० मध्ये एक समीकरण दिलं होतं आणि हॅमिल्टनने स्वतः १९७५ मध्ये ते समूहांना लावून दाखवलं होतं. एकूण बदलाचे दोन भाग करता येतात: समूहा-समूहांमधला आणि समूहाच्या आतला. म्हणजे डार्विनची तीच दोन वाक्यं, आता गणितात. एक वाक्य खरं आणि दुसरं खोटं असं नाही. कुठे कोणतं भारी ठरतं, हे परिस्थिती ठरवते.

आम्हाला मात्र या प्रयोगात वेगळीच गोष्ट खुपते. ‘पिंजऱ्याचं भलं’ कशात मोजलं? अंड्यांत. पिंजरे कुणी निवडले? कोंबड्यांनी नव्हे. त्यांचा जीव वाचला हे खरं, आणि ते कमी नाही. पण समूहाच्या भल्याची मोजपट्टी मालकाच्या हातात होती. जेव्हा जेव्हा कुणी आपल्याला ‘समूहाच्या भल्यासाठी’ म्हणतो, तेव्हा तेव्हा हा प्रश्न विचारायचा: भलं मोजतंय कोण, आणि कशात?

एकटा म्हणजे कोण?

इथे कुणी म्हणेल, ठीक आहे, मग समूहाला बाजूला ठेवा, व्यक्ती तरी खरी आहे ना? तर तिच्याकडेही जीवशास्त्राच्या चष्म्यातून बघू.

तुमचं-आमचं शरीर म्हणजे अब्जावधी पेशींची वस्ती. त्या पेशींत ऊर्जा तयार करणारे जे सूक्ष्म घटक आहेत, ते एकेकाळी स्वतंत्र जिवाणू होते. लिन मार्ग्युलिसने १९६७ मध्ये हे आग्रहाने मांडलं आणि पुढे ते सर्वमान्य झालं. म्हणजे ज्याला आपण ‘एक व्यक्ती’ म्हणतो तो फार जुना, फार यशस्वी सहकार आहे. तो यशस्वी का झाला? आतली स्पर्धा आवरली गेली म्हणून. पेशींवर बंधनं आहेत. बिघडलेली पेशी स्वतःला संपवते. एखादी पेशी हे बंधन झुगारून आपलीच वीण वाढवत सुटली, तर त्याला आपण कर्करोग म्हणतो.

मधमाश्यांच्या पोळ्यातही हेच. कामकरी माशीने गुपचूप अंडी घातली तर दुसऱ्या कामकरी माश्या ती शोधून खाऊन टाकतात. रॅटनीक्स आणि व्हिशर यांनी १९८९ मध्ये याला पोलिसी पहारा असंच म्हटलं. पोळ्याची एकी प्रेमावर चाललेली नाही, पहाऱ्यावरही चाललेली आहे. क्रोपोटकिनला लबाडाचं जे उत्तर सापडलं नव्हतं, ते हे.

पण सगळीच घरटी अशी नसतात. बंगळूरला राघवेंद्र गदगकर यांनी एका भारतीय गांधीलमाशीचा अनेक दशकं अभ्यास केला. आपल्या घराच्या कौलाखाली, खिडकीच्या कोपऱ्यात कागदासारखं घरटं करणाऱ्या माश्यांच्या कुळातली ही माशी. हिची राणी भांडकुदळ नसते, चांगली शांत असते. आणि कामकरी म्हणजे जन्माची दासी नव्हे. राणी गेली तर कामकऱ्यांपैकीच एक राणी होते. शिवाय एखादी मादी घरटं सोडून स्वतःचं नवीन घरटं मांडू शकते. म्हणजे इथे समूहात राहणं आहे, पण बाहेर जायला दार उघडं आहे.

पहारा असलेलं पोळं आणि दार असलेलं घरटं. दोन्ही समूहच, दोन्ही उत्क्रांतीनेच घडवलेले. मग ‘निसर्ग समूहवादी आहे’ या वाक्यातला समूह यातला नेमका कोणता?

आपल्या घरची गोष्ट

आता क्रोपोटकिनच्या खेड्याकडे परत येऊ.

स्पेन्सर हा आपल्याकडे नवा नाही. पुण्यात १८८० च्या दशकात तो आणि मिल वाचले जात होते, आणि त्यांचा सर्वांत निष्ठावान वाचक होता गोपाळ गणेश आगरकर. इंग्लंडात हाच स्पेन्सर १८८४ मध्ये गरिबांच्या सरकारी मदतीविरुद्ध लिहीत होता. तिथे त्याचा व्यक्तिवाद वरच्या माणसाच्या सोयीचा होता. आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला आणि व्यक्तिस्वातंत्र्याचं तेच हत्यार बालविवाहावर, विधवांच्या केशवपनावर, रूढीवर चालवलं. इथे ते खालच्या माणसाच्या, त्यातही बाईच्या, कामी आलं. विचार एक, पण कुणाच्या हातात आणि कुणाविरुद्ध, यावर त्याचं काम ठरलं.

आगरकरांना ज्याच्याशी लढायचं होतं तो समूह साधासुधा नव्हता. क्रोपोटकिनला ज्या गोष्टी आवडल्या असत्या त्या जातीत सगळ्या होत्या. अडीअडचणीला मदत, लग्नाला जात धावून येते, मयताला खांदा देते. आणि पहाराही होता: नियम मोडला की वाळीत टाकणं. मधमाशीच्या पोळ्याइतकाच चोख. फक्त दार नव्हतं.

म्हणून ४ नोव्हेंबर १९४८ हा दिवस आम्हाला या चर्चेत महत्त्वाचा वाटतो. त्या दिवशी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याला राज्यघटनेचा पाया करण्याची मागणी धुडकावली आणि व्यक्ती हाच घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केलं. क्रोपोटकिनने खेडं बाहेरून पाहिलं. आंबेडकरांना वेशीच्या बाहेर उभं करणारं खेडं माहीत होतं. एकी किती घट्ट आहे हे आत बसलेल्याला विचारायचं नसतं. ज्याला आत घेतलेलं नाही त्याला विचारायचं असतं.

आता कुणी म्हणेल, समाज शरीरासारखाच असतो, प्रत्येक अवयवाने आपापलं काम करावं. ही उपमा आपल्याकडे फार जुनी. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या पुरुषसूक्तात चार वर्ण पुरुषाच्या अवयवांशी जोडलेले आहेत. आंबेडकरांनी १९४६ च्या ‘शूद्र पूर्वी कोण होते’ या ग्रंथाची सुरुवात याच सूक्ताच्या कोड्यापासून केली. त्या उपमेत काय चुकतं? याचं चांगलं उत्तर, गंमत म्हणजे, स्पेन्सरकडेच आहे. तोही समाजाला सजीव म्हणत होता. पण एक फरक त्याने नेमका पकडला. शरीरात जाणीव एका ठिकाणी असते. समाजात ती प्रत्येक माणसात स्वतंत्र असते. म्हणून शरीर पेशींसाठी नसलं, तरी समाज मात्र माणसांसाठी असायला हवा.

याचा अर्थ साधा आहे. पेशी मेली तर पेशीला दुखत नाही, तुम्हाला दुखतं. ‘समाजासाठी’ माणूस भरडला गेला तर समाजाला दुखत नाही, त्या माणसाला दुखतं. पुढच्या वेळी कुणी शरीराची उपमा दिली, तर त्याला एवढंच विचारा की दुखतंय कुणाला?

मग एकटेपणाच बरा का?

नाही. तसं आम्ही म्हणत नाही. माणसाचं मूल इतकं परावलंबी आणि इतकी वर्षं परावलंबी असतं की ते एकट्या आईने वाढवणं जवळजवळ अशक्य. सारा ह्रडी यांनी २००९ च्या आपल्या ग्रंथात हेच मांडलं आहे: आजी, मावशी, मोठी भावंडं, शेजारी, अशा अनेक हातांनी मूल वाढवणं ही माणसाची जुनी रीत आहे आणि दुसऱ्याचं मन ओळखण्याची आपली शक्ती त्यातूनच वाढली असावी. तेव्हा ‘मी स्वतःच्या बळावर उभा राहिलो’ असं म्हणणाऱ्याला त्याला किती जणांनी कडेवर घेतलं होतं ते आठवत नसतं, इतकंच.

पण यावरून लगेच ‘म्हणून एकत्र कुटुंबच बरं’ असं म्हणणाऱ्यालाही थांबवायला हवं. ह्रडींच्या म्हणण्यात हात अनेक आहेत. आपल्या घरांत पुष्कळदा हात एकाच बाईचे असतात आणि नाव ‘आम्ही सगळे’ असं असतं.

शेवटी थोडक्यात. क्रोपोटकिनने दाखवलं की एकमेकांचा आधार ही भाबडी कल्पना नाही, ते जगण्याचं साधन आहे. डॉकिन्सने दाखवलं की ‘सर्वांच्या भल्यासाठी’ म्हटलं की लबाडाचा हिशेब मांडावाच लागतो. दोघांचंही हे ऋण आपण मानू. दोघांच्या भक्तांनी मात्र निसर्गात जे दिसतं त्यावरून आपण काय करावं याचा हुकूम काढला, तो आपण मानायचं कारण नाही. निसर्गात पोळंही आहे, घरटंही आहे आणि कर्करोगही आहे. यातलं काय उचलायचं हे निसर्ग सांगत नाही.

तेव्हा सुरुवातीच्या त्या दोन वाक्यांना आपण आता काय उत्तर देऊ? कचेरीतल्या साहेबाला सांगू की उत्तम कोंबड्या निवडून पिंजरा उत्तम होतोच असं नाही. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना, मान राखूनच, तीन प्रश्न विचारू. या घराचं भलं मोजतं कोण? नियम मोडल्याची शिक्षा सगळ्यांना सारखी आहे का? आणि ज्याला इथे राहायचं नाही त्याला दार आहे का? या तिन्हींची उत्तरं नीट मिळाली, तर चारजणांसाठी थोडं सोसायला आपली कुणाचीच ना नाही. ती नीट मिळाली नाहीत, तर साक्षीला डार्विन आणला तरी उपयोग नाही.

इथेच थांबतो. आता प्रश्न तुमचे.